पोथीतील चित्र आणि मराठीचा अभ्यासक

१

मराठी ग्रंथमुद्रणाचा इतिहास सांगताना आपण काही ठरावीक टप्पे घेतो. मिरजेत १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून छापलेली भगवद्गीता. मुंबईतील अमेरिकन मिशनचा छापखाना. त्या छापखान्यातील काम पाहून मुद्रणाचा ध्यास घेतलेल्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर काढलेले पंचांग. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेली शिळाछापी ज्ञानेश्वरी. आणि जावजी दादाजींनी १८६४ मध्ये घातलेला टाइपाचा कारखाना व १८६९ मध्ये सुरू केलेला निर्णयसागर छापखाना. अ. का. प्रियोळकरांच्या ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ या १९५८ च्या ग्रंथाने या इतिहासाला पक्का पाया दिला आणि नंतरच्या बहुतेक अभ्यासकांनी त्याच पायावर बांधकाम केले. हा इतिहास अक्षराचा आहे. याच छापखान्यांतून त्याच काळात अक्षरांबरोबर चित्रेही बाहेर पडत होती, ही गोष्ट या कथनात कोठे तरी एखाद्या वाक्यात येते आणि विरते.

प्रस्तुत टिपणाचा हेतू मर्यादित आहे. एकोणिसाव्या शतकातील छापील पोथ्यांमधील चित्रे हा त्या ग्रंथांच्या वाचनाचा पुरावा आहे, आणि म्हणून त्यांचा अभ्यास हे मराठी विभागांचे काम आहे, असे मला येथे मांडावयाचे आहे. हे काम चित्रकलेच्या इतिहासकारावर सोपवून आपण मोकळे झालो आहोत. त्याने ते अंगावर घेतलेले नाही, कारण त्याच्या दृष्टीने ही चित्रे गौण आहेत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहावा, तशी या पानांची गत झाली आहे.

२

चित्रांमुळे अभिजात ग्रंथाचे वाचन कसे घडते, हे पाहण्यासाठी प्रथम स्पेनचे उदाहरण घेऊ. सर्वांतेसच्या ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. माद्रिदच्या राजकीय अकादमीने १७८० मध्ये इबार्राच्या छापखान्यातून या ग्रंथाची चार खंडांची देखणी आवृत्ती काढली. तिच्यातील चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली होती. अशा पत्र्याची छपाई अक्षरांच्या छपाईहून निराळी असते. शाई कोरलेल्या रेषेत भरावी लागते, दाब वेगळा द्यावा लागतो, आणि चित्राचे पान स्वतंत्र छापून पुस्तकात घालावे लागते. अशी आवृत्ती अर्थातच महाग पडते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये टॉमस ब्यूइकने लाकडी ठशाच्या जुन्या कलेला नवे रूप दिले. फळीच्या लांबीवर चाकूने कोरण्याऐवजी बॉक्सवुडसारख्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर, धातूवर कोरावयाच्या हत्याराने तो कोरू लागला. रेषा बारीक आली, ठसा टिकाऊ झाला. मुख्य म्हणजे या ठशात छापावयाचा भाग वर उठलेला असल्यामुळे तो खिळ्यांच्या शेजारी, त्याच चौकटीत बसवून एकाच दाबात छापता येऊ लागला. चित्र वेगळ्या पानावरून उठले आणि मजकुराच्या कुशीत येऊन बसले. पॅरिसमध्ये १८३६-३७ साली द्यूबोशेने प्रसिद्ध केलेल्या ‘डॉन किहोते’च्या फ्रेंच अनुवादात तोनी जोआनोची शेकडो चित्रे अशी मजकुरात पेरलेली होती. त्याच चित्रांनी सजलेली स्पॅनिश आवृत्ती १८३९-४० मध्ये बार्सिलोनात बेर्ग्नेस या प्रकाशकाने काढली आणि मुखपृष्ठावर आठशे चित्रांची जाहिरात केली. पुढे १८६३ मध्ये गुस्ताव्ह डोरेची चित्रे आली. ती लाकडावर कोरली पिसाँ या कारागिराने. आज जगभर ज्या रूपात तो उंच, कृश सरदार आणि त्याचा बुटका, गोल सोबती ओळखला जातो, ते रूप बव्हंशी या चित्रांनी पक्के केले.

येथे साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे असा एक तपशील आहे. पहिल्या भागाच्या नवव्या अध्यायात निवेदकाला एक जुने हस्तलिखित सापडते आणि त्यात एक चित्र असते. त्या चित्रावरून निवेदक सांगतो, की सांचोचे पोट मोठे, धड आखूड आणि पाय लांब असले पाहिजेत. चित्रकारांनी पोट घेतले, आखूड धड घेतले. लांब पाय मात्र सोडून दिले. आज वाचकाच्या मनातला सांचो आखूड पायांचा आहे. संहिता एक सांगते आणि वाचकाला दुसरेच आठवते. तीच गोष्ट पवनचक्क्यांची. मूळ ग्रंथात हा प्रसंग आठव्या अध्यायाच्या एका भागात आटोपतो. चित्रांनी त्याला साऱ्या ग्रंथाची ओळख करून टाकले. संहितेतील कोणता भाग लोकांच्या स्मरणात राहावा आणि कोणता मागे पडावा, हे ठरविण्यात चित्राचा वाटा किती मोठा असतो, ते यावरून ध्यानात यावे.

३

आता मुंबईकडे येऊ. आपल्याकडे जो ग्रंथ सर्वाधिक वाचला गेला, तो अभ्यासक्रमातील ग्रंथ नव्हे. श्रीधराचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३), ‘पांडवप्रताप’ (१७१२) आणि ‘शिवलीलामृत’ (१७१८), तसेच महिपतीचा ‘भक्तविजय’ (१७६२) हे ग्रंथ घरोघरी ऐकले गेले. ‘ऐकले गेले’ हा शब्द मी हेतुतः वापरतो. एक जण वाचणार आणि दहा जण ऐकणार, अशी पोथीवाचनाची रीत होती. हे ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईच्या शिळाप्रेसांतून छापून निघू लागले आणि त्यांतील अनेक पोथ्या सचित्र होत्या.

शिळाछापीचे तंत्र आणि लाकडी ठशाचे तंत्र मुळात भिन्न आहे. शिळेवर काही कोरावयाचे नसते. तेलकट शाईने खास तयार केलेल्या कागदावर सरळ लिहावयाचे, तो कागद दगडावर उलटवून दाबावयाचा, आणि पाणी व तेल एकमेकांत मिसळत नाहीत या तत्त्वावर प्रती काढावयाच्या. परंतु परिणाम पाहिला तर युरोपात लाकडी ठशाने जे साधले, तेच मुंबईत दगडाने साधले. चित्र आणि मजकूर एकाच पानावर, एकाच दाबात आले. किंबहुना आपल्याकडील जवळीक अधिक होती. पॅरिसच्या पानावर अक्षर ओतीव धातूचे होते आणि चित्र कोरीव लाकडाचे. मुंबईच्या शिळाछापी पानावर अक्षर आणि चित्र ही दोन्ही बोरू-कुंचल्याचीच अपत्ये होती. ओवीच्या वेलांटीची आणि देवाच्या मुकुटाची रेघ एकाच शाईची, एकाच जातीची आहे. देवनागरीचे काने, मात्रा, जोडाक्षरे यांसाठी शेकडो खिळे पाडण्याची अडचण दगडावर नव्हती. म्हणून हस्तलिखित पोथी लिहिणारा लेखक फारसे काही न बदलता छापखान्यात कामाला लागू शकला. त्याच्याबरोबर हस्तलिखितातील चित्राची परंपराही छापखान्यात आली.

या चित्रांत काय दिसते? प्रारंभी गणपती, सरस्वती किंवा विठ्ठल. पुढे अध्यायातील मुख्य प्रसंग. पुष्कळ ठिकाणी राजे आणि वीर मराठेशाही पोशाखात आहेत. पागोटे, अंगरखा, शेला. स्त्रिया नेसलेल्या लुगड्यांत. श्रीधराने महाभारत मराठी ओवीत आणले आणि चित्रकाराने ते मराठी वेषात आणले. ही दोन भाषांतरे आहेत. पहिल्यावर आपण प्रबंध लिहिले. दुसऱ्याकडे पाहिले नाही.

कथनाच्या दृष्टीनेही चित्र काही वेगळे करते. ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायातील व्याधाची कथा सर्वांना परिचित आहे. शिवरात्रीची रात्र, बेलाच्या झाडावर दबा धरून बसलेला व्याध, नकळत खाली लिंगावर पडणारी पाने, आणि पाण्याकाठी येऊन, परत येण्याचे वचन देऊन जाणारी हरिणे. श्रीधराची कथा प्रहराप्रहराने पुढे सरकते आणि तिचा सारा ताण या काळक्रमात आहे. प्रचारात असलेल्या चित्रांत मात्र व्याध, झाड, लिंग आणि हरिणांचे कुटुंब एकाच वेळी समोर असते. काळ स्थळात मिटला जातो. ऐकणाऱ्याला कथा पाठच असते. त्याला पुढे काय होणार याची उत्सुकता नसते, तर सगळे एकत्र पाहण्याची ओढ असते. म्हणजे हे चित्र ज्या श्रोत्यासाठी काढले गेले, तो श्रोता कथेला कोणत्या भूमिकेतून सामोरा जात होता, हे चित्रावरून कळते. आस्वादप्रक्रियेविषयी आपण परकीय सिद्धांतांच्या आधारे बरीच चर्चा करतो. तिच्यासाठी हवी असलेली सामग्री घरच्या पोथीत आहे.

आणखी एक दिशा सुचवितो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले आणि १८५३ मध्ये त्यांची मंडळी मुंबईत येऊन ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ करून गेली. त्याच दशकांत, त्या नाट्यगृहापासून चालत जाण्याच्या अंतरावरील वस्तीत सचित्र पोथ्या छापल्या आणि विकल्या जात होत्या. राक्षसाचा आवेश, देवाची उभे राहण्याची ढब, दरबाराची मांडणी या गोष्टी पोथीच्या पानावर आणि रंगमंचावर शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. नाट्येतिहासाला दृश्य पुरावा मिळत नाही अशी तक्रार नेहमी केली जाते. निदान त्या तक्रारीपूर्वी या पानांची झडती घ्यावयास हवी.

४

मग ही चित्रे आपल्या नजरेआड का झाली? माझ्या मते याचे कारण आपल्या अभिजाततेच्या कल्पनेत आहे. १८६९ मध्ये मुंबई सरकारच्या साहाय्याने इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामाच्या गाथेचा पहिला भाग निघाला. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी हस्तलिखिते मिळवून, पाठ ताडून ती आवृत्ती सिद्ध केली. निर्णयसागरने १८८६ पासून ‘काव्यमाला’ काढली, १८९० पासून ‘काव्यसंग्रह’ काढला. या कामाचे ऋण आपण कधीच फेडू शकणार नाही. परंतु याच काळात ग्रंथांची दोन घरे झाली. एका घरात शुद्ध पाठ, प्रस्तावना, टीपा, कोश, चित्र नाही. दुसऱ्या घरात पोथी, पारायण, फलश्रुती, चित्र, पाठचिकित्सा नाही. विद्यापीठ पहिल्या घराचे वारस झाले. ‘डॉन किहोते’च्या बाबतीत अकादमीची विद्वन्मान्य आवृत्तीही सचित्र होती आणि लोकप्रिय आवृत्तीही सचित्र होती, त्यामुळे तेथील अभ्यासकाला चित्र टाळता आले नाही. आपल्याला ते टाळता आले.

तंत्राच्या बदलानेही यात भर घातली. शिळाछाप मागे पडून खिळ्यांची छपाई रूढ झाली, तसे पानावरील अक्षर आणि चित्र वेगळे झाले. जुळारी मजकूर जुळवी. चित्राचा ठसा बाहेरून करून घ्यावा लागे किंवा संग्रहातला वापरावा लागे. ठसा महाग, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरावयाचा, हा तर सर्व देशांतील छापखान्यांचा धर्मच. मिशनऱ्यांच्या ‘बालबोधमेवा’ या १८७२ मध्ये सुरू झालेल्या मासिकाने मराठी मुलांपुढे पाश्चात्त्य वळणाची चित्रे ठेवली. मग पुण्याचा चित्रशाळा प्रेस (१८७८) आणि गिरगावात १८९४ मध्ये सुरू झालेला रविवर्म्याचा छापखाना यांनी देवदेवतांची रंगीत चित्रे भिंतीवर नेली. चित्र ग्रंथातून सुटून स्वतंत्र झाले, त्याला कर्त्याचे नाव मिळाले आणि कलेच्या इतिहासात जागाही मिळाली. विसाव्या शतकात धुरंधरांसारखा जे. जे. कलाशाळेचा चित्रकार किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’साठी (१९१४) चित्रे काढतो, तेव्हा त्याचे नाव पुस्तकावर असते, तो १९४० मध्ये ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे आत्मवृत्तही लिहितो. पोथीच्या चित्रकाराला हे भाग्य लाभले नाही. ज्याचे नाव नाही, त्याचा इतिहास लिहिण्याची आपल्याला सवय नाही. वास्तविक मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी ही सबब शोभत नाही, कारण ओवी, आरती, भूपाळी, लावणी यांच्या कितीतरी निनावी कर्त्यांचा अभ्यास आपण करीतच आलो आहोत.

५

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की ही चित्रे ओबडधोबड आहेत. डोरेच्या शेजारी त्यांना ठेवणे हास्यास्पद आहे. हे मान्य करूनही मुद्दा उरतोच. आपण बखरींचा अभ्यास करतो तो त्या सर्वच उत्तम गद्य आहेत म्हणून नव्हे. चित्र सुंदर आहे काय, हा कलासमीक्षकाचा प्रश्न झाला. कोणत्या अध्यायाला चित्र मिळाले, कोणत्या प्रसंगाला मिळाले नाही, आणि ते ओवीच्या किती जवळ वा दूर गेले, हे प्रश्न आपले आहेत.

दुसरा आक्षेप असा, की एकच ठसा अनेक पोथ्यांत फिरतो. तेव्हा त्याचा विशिष्ट संहितेशी संबंध तो काय? परंतु जोआनोची चित्रेही पॅरिसमधून बार्सिलोनात गेली आणि लंडनच्या आवृत्तीतही गेली. फिरता ठसा हा उलट अधिक बोलका साक्षीदार आहे. रामाच्या राज्याभिषेकाचा ठसा उद्या धर्मराजाच्या दरबाराला चालतो, याचा अर्थ वाचकाच्या मनात ‘राजसभा’ नावाचा एक साचा तयार आहे. श्रीधराच्या वर्णनांतही अशीच ठरीव सभावर्णने आढळतात. शब्दातील संकेत आणि चित्रातील संकेत यांची ही समांतरता कोणत्याही काव्यशास्त्रीय विवेचनात मोलाची ठरेल.

६

हा विषय आजच मांडण्याची निकड आहे, आणि ती निकड या शहरातच आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या संस्थांनी दोलामुद्रिते, म्हणजे छपाईच्या बाल्यावस्थेतील ग्रंथ, जपले. परंतु पोथ्यांच्या उत्तरकालीन आवृत्त्या, ज्यांना ‘नुसती पुनर्मुद्रणे’ म्हणून कोणी गोळा केले नाही, त्या राहिल्या घरांत. गिरगावच्या चाळींत आणि परळ-लालबागच्या गिरणगावात श्रावणात पोथी लावण्याची चाल होती. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसाच्या ट्रंकेत भजनाच्या वहीबरोबर लाल फडक्यात गुंडाळलेली ‘नवनाथ भक्तिसार’ किंवा ‘हरिविजय’ असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यानंतर चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले. घर रिकामे करताना पोटमाळ्यावरची जीर्ण पोथी खाली येते. ती रद्दीत घालवत नाही, आणि नव्या घरात ठेवण्याला जागा नसते. जीर्ण पोथी पाण्यात सोडावी हा आपल्याकडचा संकेत आहे. तो श्रद्धेतून आलेला आहे आणि त्याला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. मात्र विसर्जनापूर्वी त्या पोथीची नोंद झाली असती, तर बरे झाले असते, एवढे म्हणण्याचा अधिकार आहे. कारण ती नोंद करणे आपले काम होते.

ते काम अवघड नाही. पोथी मागून घेण्याची गरज नाही. घरी जाऊन, पाने पाहून, ती जेथल्या तेथे परत ठेवता येते. एका पोथीसाठी छापखाना, शक किंवा सन, शिळाछाप की खिळ्यांची छपाई, चित्रे किती व कोणत्या अध्यायात, चित्रातील प्रसंग, आणि तोच ठसा अन्यत्र दिसल्यास त्याचा उल्लेख, इतक्या बाबी पुरेशा आहेत. समासातील हस्ताक्षरे, मालकांची नावे, कुंकवाचे व तेलाचे डाग यांचीही नोंद व्हावी. सर्वाधिक हाताळलेले पान कोणते, हे त्यांवरून कळते. एम. ए. च्या विद्यार्थ्याला लघुप्रबंधासाठी त्याच्याच चाळीतल्या दहा पोथ्या दिल्या, तर आयत्या समीक्षाग्रंथांतून उतरवून काढलेल्या शंभर पृष्ठांपेक्षा त्यातून अधिक हाती लागेल. आमच्या महाविद्यालयांतील कितीतरी विद्यार्थी याच वस्त्यांतून येतात आणि ज्या घरात परक्या संशोधकाला उंबरठ्यावरच थांबावे लागेल, तेथे त्यांना आत जाता येते.

ग्रंथालयांकडूनही एक अपेक्षा आहे. जुन्या ग्रंथांची संगणकीय छायाचित्रे घेण्याचे काम सर्वत्र चालू आहे. मजकूर वाचता आला म्हणजे झाले, या समजुतीने पाने केवळ काळ्या-पांढऱ्या दोन छटांत घेतली, तर अक्षर टिकते आणि चित्राची बारीक रेघ, हाताने भरलेला रंग, दगडाच्या छपाईची राखाडी छटा नाहीशी होते. पोथीचे पान रंगीत, समासासह आणि पूर्ण घ्यावे. सूचीतही चित्रांसाठी एक रकाना असावा.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात श्रीधर आजवर ‘लोकप्रिय आख्यानकवी’ या एका शीर्षकाखाली आटोपला जातो. त्याची लोकप्रियता कशी होती, कोणासमोर होती, कोणत्या प्रसंगांमुळे होती, हे विद्यार्थ्याने विचारले तर आपल्यापाशी विशेषणांखेरीज फारसे उत्तर नसते. त्या उत्तराचा एक भाग अजून लालबागच्या काही घरांत फडक्यात बांधून ठेवलेला आहे. पुढच्या श्रावणात तेथे पोथी सोडली जाईल, तेव्हा आपल्यापैकी काहींनी वही-पेन्सिल घेऊन श्रोत्यांत बसावे.